सोळावा चॅनेल

अण्णांच्या मिक्सरवर सोळा चॅनेल होते आणि सोळाव्याला कधीच काही जोडलेलं नसायचं.

सभा रंगात आली की पुढाऱ्याचा एखादा माणूस स्टेजवरून धावत येई. "ओ साउंडवाले, साहेबांचा आवाज वाढवा, मागं जाईना!" अण्णा गंभीरपणे मान डोलवत, सोळाव्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी, बोटभर वर सरकवत आणि विचारत, "आता?" तो माणूस कान टवकारून ऐके. मग त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. "हां, आता बरं!" तो परत गेला की अण्णांचे मदतनीस बब्रूकाका केबलचं वेटोळं गुंडाळता गुंडाळता तोंड फिरवून हसत.

मी, त्यांची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची असेन. "अण्णा, तुम्ही खोटं का करता?" असं एकदा विचारलं होतं.

"खोटं कसं? त्याला वाढलेलं ऐकू आलं का न्हाई? मग वाढलं."

पुढे एम.एस्सी.ला असताना वाचलं की अण्णांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. आवाज बदलणार अशी खात्री असली की मेंदू तो बदल स्वतःच घडवून ऐकतो. ऐकण्यातला मोठा भाग कानात होतच नाही.

सोलापुरात 'बारंगुळे साउंड सर्व्हिस' तीस वर्षं चालली. मिरवणुका, सभा, ऑर्केस्ट्रा, लग्नं. तीस वर्षं अण्णा माणसाच्या उंचीच्या स्पीकरांपासून दहा पावलांवर उभे राहिले. कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या एका पोकळीत काही हजार केशपेशी असतात. हवेतल्या कंपनांचं मज्जातंतूंना कळेल असं भाषांतर त्या करतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. छपन्नाव्या वर्षी अण्णांच्या दोन्ही कानांत त्या जवळजवळ उरल्या नव्हत्या. ते खुर्चीत बसून आमच्या ओठांकडे बघत राहायचे. मग तेही थांबलं.

त्यांच्या कानात बसवलं ते रोपण नव्या पद्धतीचं होतं. जुन्या रोपणात विजेने मज्जातंतू चेतवायचे. पण वीज कानातल्या द्रवात पसरते आणि एकाऐवजी शेजारचे दहा तंतू जागे होतात. म्हणून आवाज चेपलेला, पत्र्याचा वाटायचा. नव्या पद्धतीत मज्जातंतूंना आधी प्रकाश जाणवेल असं केलं जातं आणि मग केसाएवढ्या तारेवरचे पाचशे बारीक दिवे नेमक्या जागी लुकलुकतात. प्रकाश पसरत नाही. जिथे टाकाल तिथेच पडतो.

पण कोणता दिवा किती लुकलुकायचा, हे कोणी ठरवायचं? कानामागच्या माइकपासून त्या दिव्यांपर्यंत प्लग-इनची, म्हणजे आवाजावर एकेक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची, एक साखळी असते, स्टुडिओतल्या सॉफ्टवेअरमध्ये असते तशीच. एक प्लग-इन माणसांचे आवाज ओळखून वेगळे करतो, एक गोंगाट दाबतो, एक अचानक आलेला मोठा आवाज अडवतो. हॉस्पिटलात हे सगळं बंद खोलीत जुळवून देतात. घर म्हणजे काही बंद खोली नाही, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं रोज थोडंथोडं जुळवावं लागतं. फोनच्या पडद्यावर ते नीट होत नाही. डोळे पडद्याकडे गेले की समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. म्हणून रोपणासोबत एक कंट्रोलर मिळतो. आठ नॉब, खाली आठ फेडर, वर एक छोटा पडदा. त्यातून आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात.

अण्णा त्याला 'बारका मिक्सर' म्हणायचे. घरी आणला त्या दिवशी त्यांनी तो मांडीवर घेऊन पांढऱ्या चिकटपट्टीवर स्वतःच्या अक्षरात नावं लिहिली. एक, शालन. दोन, शरयू. तीन, बब्रू. चार, बाकी लोक. पाच, घर. सहा, रस्ता. सात, गाणं. आठ, एकूण. शालन म्हणजे माझी आई. शरयू मी.

लिहून झाल्यावर त्यांनी सवयीने फेडरवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. होणार नव्हतंच. रोपण ज्याच्या कानात आहे त्याचा हात हे यंत्र मानत नाही.

त्याला कारण होतं. माइक स्पीकरसमोर धरला की जी शिट्टी घुमते ती सगळ्यांना माहीत असते: आवाज बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो, वाढतच जातो. सुरुवातीच्या काही पेशंटांचं तसंच झालं. ऐकणारा आणि फिरवणारा एकच. मेंदू प्रत्येक नव्या जुळणीला दोन दिवसांत सरावतो, मग ती कमी वाटते, मग पुन्हा फिरवायचं. एक बाई दिवसाचे चौदा तास नॉबला चिकटून होत्या म्हणे. त्यामुळे नियम आला: फिरवणारा हात दुसऱ्याचा, नोंदवलेला आणि त्याच खोलीतला. फेडरच्या टोप्या त्या बोटांची कातडी आणि नाडी ओळखतात.

हात एकच असतो, हे मला सही केल्यावर नीट कळलं. यंत्रात आणखी एक प्रोग्रॅम असतो, मी त्याला सावली म्हणते. नोंदवलेला हात काय करतो आणि त्यावर पेशंट काय म्हणतो, हे ती शिकत राहते आणि दिवसभरात लागतील ते बारीक बदल स्वतः करते. हात बदलला तर सावली पुसली जाते. पुन्हा शून्यापासून, म्हणजे पुन्हा एक वर्ष खडखडाट.

खरं तर हात आईचा नोंदवायचा होता. पण आई वीस वर्षं विकायला कडक भाकरी करते. रोज दोनशे, सणाला पाचशे. तव्यावरची भाकरी ती बोटांनीच उलटते. हॉस्पिटलात तिने फेडरवर बोट ठेवलं, पुसून ठेवलं, तेल लावून ठेवलं. यंत्राला तिथे बोट आहे असं वाटेचना.

"मग मी काय भूत हाय व्हय?" आई म्हणाली.

सगळे हसले आणि मी माझं बोट पुढे केलं.

*

रोज संध्याकाळी सातला आम्ही समोरासमोर बसायचो. बारका मिक्सर माझ्या मांडीवर. पडदा बंद. हा अण्णांचा जुना नेम. "पडदा बघून मिक्स करणारा फोटो बघून आमटीला मीठ टाकतो," असं ते म्हणत. दुसरा नेम: फेडर वरच्या खुणेवर ठेवायचा, शंभरात पंच्याहत्तरवर, आणि तिथून बोटभर इकडे-तिकडे. "जो फेडर हातभर हलवतो ना, त्यालाच ऐकू येत न्हाई असं समज."

मी डोळे अर्धे मिटून, त्यांच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून बोटभर सरकवायची.

"आता?"

"जरा अजून."

"आता?"

"हां. आता बरं."

पहिल्या वर्षी हे सगळं विलक्षण वाटायचं. माझ्या बोटाखाली माझ्या बापाचं जग उजळत होतं. एकदा त्यांनी फोडणीचा आवाज ओळखला आणि आईने पदर तोंडाला लावला. बब्रूकाका रविवारी येऊन तास तास बसायचे, जुन्या मिरवणुकांचे किस्से चालायचे. त्याच वर्षी बेंगळुरूच्या संस्थेत पीएच.डी.साठी माझी निवड झाली. विषय श्रवण-मज्जातंतू. मी कळवलं, या वर्षी येऊ शकत नाही. त्यांनी उत्तर दिलं की जागा एक वर्ष ठेवतो, दुसऱ्यांदा ठेवता येणार नाही. रुजू व्हायची तारीख, एक ऑगस्ट.

दुसरं वर्ष तसं गेलं नाही. म्हणजे अण्णा आणि मी छान होतो. बाकी घर हळूहळू गप्प होत गेलं. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, अण्णा ढिम्म. "अवो, तुमच्याशी बोलायलीय." तरी नाही. मग आई मला म्हणायची, "तुझं बरं यंतंय त्यास्नी ऐकायला."

बब्रूकाका म्हणाले, "वहिनी, नवऱ्याला बायकोचं ऐकू येईना, ह्याला काय दवाखाना करता?"

हसलो. पण पुढे काकांचेही फेरे कमी झाले. एकदा जिन्यात भेटले तर म्हणाले, "मालक आताशा माझ्याशी बोलंनात, शरू. मी बडबडतो, ते भिंतीकडं बघत्यात. काय चुकलं का माझं?"

मी अण्णांना विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "मी बोलंना? बब्र्याच गप बसतोय येऊन. तुझी आई बी तसलीच. सगळी मानसं मुकी झाल्यावानी." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "तू हायस म्हणून बरंय."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना एक ऑगस्टचं सांगितलं.

"जा की," ते लगेच म्हणाले. "मी काय धरून ठिवलंय?"

त्या संध्याकाळी जुळवणी दोन तास चालली. "जरा अजून. न्हाई, पहिलंच बरं होतं. अजून." शेवटी माझं बोट दुखायला लागलं तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बहिरा होतोच की आधी. हुईन परत."

मी आत जाऊन बॅग कपाटावर परत ठेवली. आईने पाहिलं. एक भाकरी जास्त जोरात आपटली एवढंच.

*

तरीही दोन दिवसांनी मी डॉ. नाईकवाडींना फोन केला. अण्णांच्या कानाचं तेच बघतात. आईच्या बोटांसाठी काही नवी टोपी निघाली आहे का, एवढंच मला विचारायचं होतं.

"निघाली आहे," ते म्हणाले. "पण सावली पुसावी लागेल. आधी गेल्या सहा महिन्यांची नोंद पाठव. हाताने किती बदल केले आणि सावलीने किती, ते पाहू. हाताचे कमी असतील तर पेशंट स्थिरावला असं समजायचं."

दुपारचे तीन वाजले होते. अण्णा पेपर वाचता वाचता खुर्चीतच झोपले होते. मी लॅपटॉप जोडला आणि नोंद उघडली.

सावलीचे बदल: अकरा हजार दोनशे चार.

हाताचे बदल: शून्य.

मला वाटलं, तारखा चुकल्या. त्या तपासल्या. मागे जात गेले. मागच्या सहा ऑक्टोबरपर्यंत रोज माझ्या हाताच्या पंधरा-वीस नोंदी होत्या. सात ऑक्टोबरपासून एकही नव्हती. दोनशे ऐंशी संध्याकाळी मी फेडर सरकवले होते आणि त्यांतला एकही सरकवलेला आत पोहोचला नव्हता.

मी पहिल्यांदाच पडदा चालू ठेवून एक नंबरचा फेडर हलवला. पडद्यावर त्याची फिकट खूण वर-खाली झाली. खरा आकडा जागचा हलला नाही. मग कळलं.

साध्या फेडरला मोटर नसते. आतली किंमत बदलली तरी तो आपला जिथे ठेवला तिथेच असतो. अशा वेळी फेडर हलवताच आतली किंमत उडी मारून त्याच्या जागी आली, तर ते कानात फटाका फोडण्यासारखं होईल. म्हणून यंत्रात 'पकड' नावाची सोय असते. फेडर आतल्या किमतीपाशी जाऊन तिला ओलांडेपर्यंत तो मोकळाच सरकतो. ओलांडली की पकडतो आणि मग हुकूम चालायला लागतो. आधी ती जिथे आहे तिथे जायचं, मग तिला आपल्यासोबत न्यायचं.

आणि सात ऑक्टोबर म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी जुना मिक्सर, अँप्लिफायर, माइक सगळं पुसून पाटावर मांडतात. सगळे फेडर तळाला, वायरी काढलेल्या, हळद-कुंकू, वर झेंडू. त्या वर्षी अण्णांनी बारका मिक्सरही पाटावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी झेंडू काढला, सगळे फेडर नेमाप्रमाणे पंच्याहत्तरच्या खुणेवर आणले आणि मगच वायर जोडली. आत आईची किंमत चौसष्ट होती, काकांची साठ, घराची पन्नास, माझी ब्याऐंशी. मी दोनशे ऐंशी दिवस सत्तर ते ऐंशीच्या मध्ये, बोटभर, डोळे मिटून, मोठ्या कसबाने सरकवत राहिले. पडदा न बघता.

माझ्या हाताखाली सोळावा चॅनेल होता. आणि रोज समोरून उत्तर येत होतं, आता बरं.

*

मी पेपर त्यांच्या हातातून काढला. ते जागे झाले.

"अण्णा, फेडर पकडत नाहीत. खंडेनवमीपासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आश्चर्य शोधत होते चेहऱ्यावर आणायला, पण सापडलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवशी न्हाई." ते चष्मा पुसू लागले. "पहिल्या दिवशी वाटलं माझाच कान मंद झालाय. तू दमून आलीवतीस, म्हटलं कशाला. बरं म्हटलं. तिसऱ्या दिवशी कळलं. तीस वर्षं फेडरवर काढल्यात, शरू. मोकळा फेडर मला बाहेरनं कळतो."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तू बसली नसतीस."

"बसले असते! नीट करून बसले असते!"

"नीट झाल्यावर कशाला बसशील?" ते म्हणाले. "कान चांगला झाला की तू जाणार. कान बिघडला म्हणावं तर तुला वाईट वाटणार. म्हटलं चालू दे. मला तर समदं झ्याक ऐकू येत होतं. तुझं कसं घंटीवानी यायचं."

मला ओरडायचं होतं, आणि त्यांना माझं प्रत्येक अक्षर घंटीसारखं ऐकू जाणार होतं. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला.

"सावली कशी शिकते माहितीय? हात काय करतो आणि तुम्ही काय म्हणता. माझा हात पोहोचतच नव्हता. मग तिच्याकडे काय उरलं? तुमचं 'आता बरं'. तुम्ही रोज बरं म्हणायचात तेव्हा कोण बोलत असायचं?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. आठही रेघा पडद्यावर होत्या. दोन नंबरची, ब्याऐंशीवरून नव्याण्णववर. एक नंबरची चौसष्टवरून सहा. बब्रू तीन. घर शून्य. सावलीने त्यांना बरं वाटावं म्हणून तेवढंच केलं होतं: बरं म्हणताना जे कानात होतं ते वाढवलं, जे नव्हतं ते काढून टाकलं. रोज दोन-चार कण. कळण्यासारखं एका दिवशीही काही झालं नव्हतं.

"मशीनचं काय खरं," अण्णा म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून आईला खूण केली. आई पिठाच्या हातांनी अण्णांच्या मागे येऊन उभी राहिली.

"हाक मार."

"अवो," आई म्हणाली. मग मोठ्याने, "अवो! भागवतराव बारंगुळे!"

आयुष्यात तिने त्यांचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. अण्णांच्या मानेवरचा केसही हलला नाही. पण ते पडद्याकडे बघत होते आणि मीटर वाचायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आत येणाऱ्या आवाजाचा पट्टा लाल झाला होता. बाहेर जाणारा रिकामा.

त्यांनी मान वळवून आईकडे पाहिलं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपास्नं," आई म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती माझ्याकडे बघू लागली.

"आई म्हणते, दिवाळीपासून," मी सांगितलं.

"मला वाटलं, ती रुसलीय."

"आठ म्हयनं कोन रुसतं का, इचार त्यास्नी."

"आई विचारते, आठ महिने कोणी रुसतं का."

"तिचा काय नेम?" अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. आई हसत होती का रडत होती ते मला दिसलं नाही. तिने पिठाचा हात तोंडावर घेतला होता. त्या दोघांच्या मध्ये मी उभी होते, वायरीसारखी.

*

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. सावली पुसायची नाही, म्हणाले, गोठवायची. मग ती स्वतः काही बदलणार नाही, तुझा हात शेवटी जिथे ठेवेल तिथे सगळं थांबेल. शून्यावर जायला नको. पण एक अडचण होती.

"सगळ्यात मोठा आवाज आधी उतरवावा लागतो. मेंदू आठ महिने एकाच आवाजाला धरून बसलाय. तो मिळत राहिला तर बाकीचे आवाज कितीही वाढव, त्याला कचराच वाटणार. तुझा फेडर तळाला न्यावा लागेल."

"किती दिवस?"

"चार आठवडे. पाचही लागतील. त्यानंतर तुझा हात लागेल तेव्हा वर घेता येईल."

त्यानंतर म्हणजे मी इथे असेन तेव्हा. दिवाळीत.

मी घरी सांगितलं. अण्णा म्हणाले, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी पण म्हणाले, "उद्या." मी घाई केली नाही. कारण सांगायचं तर, मलाही ते नको होतं. घरात तीन माणसं असताना मी एकटीच ऐकू जात होते. मी पुटपुटले तरी पोहोचत होतं. आईशी भांडण झालं की अण्णांच्या लेखी भांडणात एकच बाजू असायची. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी म्हणू शकते. पण आईने डिसेंबरातच सांगितलं होतं, आणि पडदा चालू करायला एक बटण पुरतं. अण्णांनी मला खुर्चीला बांधलं हे खरं. दोरीचं दुसरं टोक मीही धरलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सातला अण्णा आधीच खुर्चीत बसलेले होते. बब्रूकाकांना त्यांनीच निरोप पाठवून बोलावलं होतं. काका वेताच्या मोढ्यावर अवघडून बसले होते. आत आईने तवा चढवला होता.

"पडदा चालू ठेव," अण्णा म्हणाले.

मी ठेवला. सावली गोठवली. मग दोन नंबरच्या फेडरवर बोट ठेवलं. तो पंच्याहत्तरवर होता, किंमत नव्याण्णववर. आधी वर जायचं होतं. हळूहळू सरकवत अगदी टोकाला नेला. नव्याण्णवला पडद्यावरची फिकट खूण आणि आकडा एक झाले, आणि कित्येक महिन्यांनी बोटाखाली फेडर भरल्यासारखा वाटला. खरं तर त्याचं वजन बदलत नाही.

"थांब," अण्णा म्हणाले. "आधी काहीतरी बोल."

"रोज अंघोळीआधी कानामागचं काढून ठेवायचं," मी म्हणाले. "आणि बॅटरीची टोकं कोरड्या फडक्यानं पुसायची. ओल्या नाही."

"एवढंच?"

"आणि बब्रूकाकांनी जिन्यात विचारलं होतं, त्यांचं काय चुकलं म्हणून."

अण्णांनी काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "कार्यक्रम संपला की फेडर कुठं?"

"तळाला."

"मग आण की."

मी आणला. नव्वद, सत्तर, चाळीस. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. वीस. पाच. शून्य.

"आता?" मी विचारलं. सवयीने.

त्यांना ओठ दिसले. "आता बरं," ते म्हणाले. आम्हा दोघांनाही माहीत होतं की माझा प्रश्न मीटरवर आलेला नाही.

मी पाच नंबर घेतला. घर. त्याची किंमत शून्यावर होती, म्हणून तळाला नेल्याबरोबर पकडला. सावकाश पन्नासपर्यंत चढवला. मग तीन. मग एक, आईचा. खाली सहापर्यंत जाऊन तिला पकडली आणि वर आणली. अण्णांचा चेहरा आक्रसला. चार आठवडे हे सगळं त्यांना पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटणार होतं.

मग ते कपाळाला आठ्या घालून इकडे तिकडे बघू लागले.

"टाळ्या कोण वाजवायलंय?"

काका उठून उभे राहिले. स्वयंपाकघरातला थप थप आवाज एकदम थांबला.

"टाळ्या न्हवं," आतून आई म्हणाली. तिचा आवाज नीट नव्हता. "भाकरी थापायलीय. तुमचा काय सत्कार हाय व्हय?"

अण्णांनी मान दाराकडे वळवली. शब्द कळले असतील असं मला वाटत नाही. इतक्या लवकर कळत नाहीत. पण कोण बोललं ते कळलं होतं. ते खुर्चीतून उठले आणि एका हाताने भिंत धरत स्वयंपाकघराकडे निघाले.

"अण्णा," मी त्यांच्या पाठीमागून म्हणाले, "मी एकतीसच्या गाडीने निघते."

मांडीवर पडदा उघडाच होता. आत येणाऱ्याचा पट्टा लाल झाला. बाहेर जाणाऱ्यात फक्त तवा होता आणि आईच्या बांगड्या. ते थांबले नाहीत. मी फेडरवरून बोट उचललं.